आंधळ्याचा पुत्र आंधळा, असे द्रौपदी म्हणाली का?

प्रश्न : आम्ही दादरच्या महाविद्यालयातील चार मैत्रिणी महाभारतावरील प्रश्नमंजूषेची तयारी करत आहोत. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे द्रौपदीचे वाक्य आम्हांला सभापर्वात सापडले नाही; मग उत्तर काय द्यावे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : तुम्ही मूळ ग्रंथ उघडून पाहिलात, हे फार चांगले केलेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या आणि 1966 मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला भीमादी पांडव हसले, असे तेथे वर्णन आहे. द्रौपदी हसल्याचा उल्लेख येतो, तो पुढे दुर्योधन पित्याजवळ गाऱ्हाणे मांडतो तेव्हा. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लाडकी कथाही त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, हे ऐकून आजी रुसतील, त्याला इलाज नाही. म्हणून स्पर्धेसाठी कोणती आवृत्ती प्रमाण आहे, हे संयोजकांकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

अभ्यासाची वाटणी मात्र पर्वांच्या संख्येवर करू नका. अठरा पर्वांपैकी शांतिपर्व अतिशय विस्तृत आहे, तर महाप्रस्थानिक पर्व एका बैठकीत वाचून होते. शांतिपर्व जिच्या वाट्याला येईल, तिला मौसलपर्वापासूनची शेवटची तिन्ही पर्वे माफ करावीत.