सोनं गहाण ठेवून शंभर किट? आधी पंचवीसच करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात नवी पेठेत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड दुरुस्तीचं दुकान आहे. घरखर्च महिन्याला 28,000, बँकेत शिल्लक 1,40,000. रोलँडच्या जुन्या एक्सपी-80 कीबोर्डसाठी तुम्ही स्वतः एक किट बनवलं आहे. त्यात फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह लागतो आणि अंधुक झालेला डिस्प्ले जाऊन नवा बसतो. 100 किट एकदम केले तर 3,60,000 लागतात, 25 केले तर 1,15,000. बसवून देण्याचे 6,500 घ्यायचा विचार आहे आणि 34 जणांनी ‘घेतो’ म्हटलं आहे. पैशासाठी एक तर वहिनींचे दागिने गहाण ठेवायचे, नाहीतर मित्राकडून 2 लाख घेऊन त्याला धंद्यात निम्मा वाटा द्यायचा.

दोन्ही नको. 25 किट करा, आणि त्यासाठी कर्ज काढू नका.

तुमच्या कामाला गिऱ्हाईक आहे, याबद्दल मला शंका नाही. एक्सपी-80 आला 1996 मध्ये. सोनीने फ्लॉपी विकणं बंद केलं 2011 मध्ये. ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीवाल्यांनी वर्षानुवर्षं बसवलेली गाणी त्या फ्लॉप्यांवर अडकून पडली आहेत, आणि त्या तोडीचा नवा कीबोर्ड लाखाच्या पुढे जातो. अशा माणसाला 6,500 जड नाहीत. पण हे मॉडेल आता बनत नाही. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, लातूर, कलबुर्गी मिळून जेवढे एक्सपी-80 चालू आहेत, तेवढीच तुमची बाजारपेठ. कोर्ग ट्रिटन या दुसऱ्या कीबोर्डला हेच सर्किट चालणार नाही, त्याचा डिस्प्ले वेगळा. ऑक्टापॅड एसपीडी-20 गावोगाव आहे, पण त्याला फ्लॉपीच नाही. त्यामुळे 100 चा आकडा गिऱ्हाइकांवरून ठरलेला दिसत नाही, सर्किट बोर्ड बनवणाऱ्याच्या दरपत्रकावरून ठरलेला दिसतो.

आता हिशेब. 100 किटमध्ये नग 3,600 ला पडतो, 25 मध्ये 4,600 ला. हजार रुपयांचा हा फरक तुम्हाला खुणावतोय, ते समजतं. पण घातलेले पैसे सुटायला 100 च्या बॅचमध्ये 56 किट विकावे लागतात, 25 च्या बॅचमध्ये 18. त्यात 3,60,000 चं सोनेतारण कर्ज 12 टक्क्यांनी वर्षभर चाललं तर व्याज 43,200, म्हणजे 56 चे 63 होतात. आज तुमच्याकडे 34 जणांचा नुसता शब्द आहे. ते 34 च्या 34 आले तरी अर्धं कर्ज डोक्यावर राहतं, आणि उरलेले 66 किट दुकानात पडून राहतात.

शिवाय पहिल्या बॅचमध्ये काहीतरी चुकतंच. एखादा कनेक्टर उलटा छापला जातो, एखादी आयसी गरम होते. 25 बोर्डांवर चुकलेल्या जागी हाताने तार जोडून घेता येते, 100 वर महिना जातो. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा 42 वर, मांडवात जनरेटरची वीज, त्यात बंद डब्यातली गरमी. बोर्डावर वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. 105 अंशांपर्यंत चालणारे, चांगल्या कंपनीचे कपॅसिटर घ्या. नगामागे पाच-दहा रुपये वाचवायची ही जागा नाही.

पैसे असे उभे करा. 20 जणांकडून प्रत्येकी 3,000 आगाऊ घ्या. पावती द्या, तारीख लिहून द्या, आणि काम झालं नाही तर पूर्ण पैसे परत, हेही त्याच पावतीवर लिहा. हे 60,000 वेगळ्या खात्यात ठेवा. 1,15,000 मधून ते वजा केले की उरतात 55,000. तुमच्या शिल्लकीतून तीन महिन्यांच्या घरखर्चाचे 84,000 बाजूला काढले की 56,000 मोकळे राहतात. त्यात भागतं. किट बसवताना त्या 20 जणांचे उरलेले 3,500 प्रमाणे 70,000 येतील. तुमचे 55,000 सुटतील आणि वर 15,000 राहतील. त्यातले 12,500, म्हणजे नगामागे 500, वॉरंटीसाठी ठेवा, त्यांना हात लावू नका. पाच किट अजून हातात असतील, खरा नफा त्यांच्यात आहे. रक्कम छोटी वाटेल, पण कर्जफेडीचा एकही हप्ता न भरता मिळालेली असेल.

20 आगाऊ रकमा जमल्या नाहीत, 11 वरच गाडी अडली, तर बोर्डाची ऑर्डर देऊ नका. पैसे परत करा आणि दुरुस्तीचं काम चालू ठेवा.

आगाऊ मागायचे ते लग्नसराई संपता संपता, मे-जूनमध्ये. तेव्हा वादकांच्या हातात पैसा असतो. आषाढात वाद्यं बसून असतात, ती दुकानात सोडायला कुणाची हरकत नसते. गणपतीच्या आधी सगळी परत गेली पाहिजेत, कारण तेव्हा दुरुस्तीची गर्दी होते आणि तुमचं घर त्या गर्दीवर चालतं.

जीएसटीचं एक बघा. ‘कलबुर्गी-विजयपूरचेही काही आहेत’ असं तुम्ही लिहिलंय. वस्तू राज्याबाहेर विकली की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. 40 लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला आहे. वाद्य सोलापुरात आणून, किट बसवून नेलं तर गोष्ट वेगळी होते. म्हणून सध्या कुरियरने किट पाठवू नका, आणि बिल कसं करायचं ते सीएला विचारून घ्या. सुटे भाग थेट चीनमधून मागवणार असाल तर आयात-निर्यात कोडही लागेल.

मित्राबद्दल स्पष्ट लिहितो. गरज 1,15,000 ची, तीही एका बॅचपुरती, आणि त्याबदल्यात कायमचा निम्मा वाटा? सर्किट तुमचं, हात तुमचे, गिऱ्हाईक तुमचं. शिवाय भागीदारीत फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या वैयक्तिक मालमत्तेवर येतं, त्याच्याही आणि तुमच्याही. त्याला मनापासून मदत करायची असेल तर पुढच्या एखाद्या बॅचसाठी ठरावीक रक्कम, ठरावीक मुदत आणि ठरावीक परतावा असा लेखी व्यवहार करा. मैत्रीही टिकेल.

दुसऱ्या बॅचला कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज बघा. 50,000 पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. अनुदानाच्या योजनेसाठी प्रकल्प फुगवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं, हातात येत नाही, आणि ती योजना मुख्यतः नव्या उद्योगांसाठी आहे.

पहिले 20 कीबोर्ड एक गणपती आणि एक नवरात्र मांडवात वाजून येऊ द्या. किती परत आले, कशामुळे आले, हे वहीत लिहा. ती वही घेऊन दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा, मग 50 च्या बॅचचं बोलू.