फ्लूची लस दरवर्षीच का? एकदाच घेऊन का भागत नाही?

प्रश्न: गोवरची लस लहानपणी घेतली की आयुष्यभराची काळजी मिटते, मग फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी का टोचून घ्यायचं? सगळ्या फ्लूवर चालणारी एकच लस येणार असं कधीपासून वाचतोय, ती येईपर्यंत थांबलं तर चालेल का?

उत्तर: थांबू नका, हे आधीच सांगून टाकतो.

फ्लूच्या व्हायरसवर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं, छत्रीसारखं समजा, वर पसरट डोकं आणि खाली दांडा. डोक्याने तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आपल्या अँटीबॉडीही बहुतेक त्या डोक्यावरच तुटून पडतात. गोची अशी की डोकं कितीही बदललं तरी व्हायरसचं फारसं अडत नाही, त्यामुळे ते सारखं बदलतं. म्हणून डब्ल्यूएचओचे तज्ज्ञ फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी पुढच्या सीझनच्या लशीत व्हायरसचे कोणते उपप्रकार (स्ट्रेन) घ्यायचे ते ठरवतात, मग लस बनायला सहाएक महिने लागतात, तेवढ्यात व्हायरस पुढे निघून गेलेला असू शकतो. अंदाज जमला तर लस साधारण 40 ते 60 टक्के उपयोगी पडते, 2014-15 ला अमेरिकेत एच3एन2 या फ्लूच्या एका प्रकाराने असा गुंगारा दिला की आकडा 20 च्याही खाली गेला.

दांडा मात्र फारसा बदलत नाही. 1993 मध्ये जपानी संशोधकांना उंदरांमध्ये एक अँटीबॉडी मिळाली, ती एच1 आणि एच2 या फ्लूच्या दोन वेगळ्या प्रकारांना रोखत होती कारण ती दांड्याला चिकटत होती. तेव्हापासून सगळी खटपट शरीराचं लक्ष दांड्याकडे वळवायची. कोणी डोकं छाटून नुसता दांडाच देतंय. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई मेडिकल कॉलेजवाल्यांनी तर त्याच दांड्यावर पक्ष्यांच्या फ्लूची वेगवेगळी डोकी बसवून डोस दिले, म्हणजे शरीराला ओळखीचा उरतो तो फक्त दांडा (मला तरी ही आयडिया सगळ्यात भारी वाटते). 2020 मध्ये माणसांवरच्या छोट्या ट्रायलमध्ये दांड्याविरुद्धच्या अँटीबॉडी चांगल्या वाढल्या, पण त्याने फ्लू खरंच टळतो का हे त्यातून कळत नाही. 2022 ला पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने उलटा रस्ता धरला, माहीत असलेल्या 20 च्या 20 प्रकारांची एकच एमआरएनए लस (म्हणजे प्रोटीन बनवायची कृतीच शरीराला देणारी), पण ती चाचणी उंदीर आणि फेरेटवर (मुंगसासारखा छोटा प्राणी).

आणि शरीराने लशीला प्रतिसाद दिला म्हणजे काम झालं असं अजिबात नाही बरं का. एम-001 नावाची इस्रायली लस शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचली होती, 12 हजारांवर लोकांवर ट्रायल झाली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये निकाल आला की खोट्या इंजेक्शनपेक्षा काहीच फरक नाही. त्यामुळे 'आली, आली' अशा बातम्या वाचताना ती उंदरांवर झाली की माणसांवर एवढं तरी बघत जा.

शिवाय तुमच्या मनातली 'एकदाच घ्या' वाली लस हे अजून पहिलं टार्गेटसुद्धा नाहीये. अमेरिकेच्या एनआयएआयडी या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने 2018 ला ठरवलेलं ध्येय आहे किमान 75 टक्के संरक्षण आणि तेही निदान एक वर्ष टिकणारं. तेव्हा वय 65 च्या पुढे असेल, दमा किंवा डायबिटीस असेल, घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांशी बोलून यंदाचं इंजेक्शन घेऊनच टाका, गेल्या वर्षीचं संरक्षण एव्हाना बरंच उतरलेलं असतं.