पदकाची मागची बाजू

प्रिय मुली,

तुझी चित्रं पाहिली. हात चांगला आहे, रंगांची जाणही आहे. पण प्रत्येक कागदावर तोच तुतनखामूनचा मुखवटा आणि तोच होरसचा डोळा! इजिप्तचे दागिने म्हटलं की बहुतेक जण तिथेच अडकतात. तू अडकू नकोस. मुखवटा काही दिवस बाजूला ठेव आणि दागिना घडतो कसा ते बघायला लाग.

सुरुवात सित-हाथोर-युनेत या राजकन्येच्या गळ्यातल्या पदकापासून कर. बाराव्या राजवंशातल्या दुसऱ्या सेनुस्रेत राजाची ही मुलगी. १९१४ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात, इजिप्तमधल्या लाहूनच्या तिच्या थडग्यातल्या एका कोनाड्यात हे पदक मिळालं. चोरांच्या नजरेतून तो कोनाडा सुटला होता. लाकडी पेट्या कुजलेल्या, दोरे गेलेले, मणी चिखलात विखुरलेले. पेट्रींचे सहकारी गाय ब्रंटन यांनी तो चिखल हळूहळू काढला आणि कोणती वस्तू कुठे होती त्याची नोंद ठेवली, म्हणून ते हार पुन्हा ओवता आले.

पदक जेमतेम ४.५ सेंटिमीटर उंच आणि ८.२ सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा जागेत दोन ससाणे, नाग, राजाचं नाव आणि गुडघे टेकून बसलेला हेह, म्हणजे अनंतकाळाचा देव. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या करून घरं केली आणि त्यांत लाल अकीक, गडद निळा लाजवर्द, पिरोजा असे रत्नांचे ३७२ तुकडे बसवले, प्रत्येक आपापल्या घराच्या मापाने कापलेला. आता पदक उलटं कर. मागे एकही खडा नाही, पण तीच आकृती सोन्यावर बारकाव्यांसकट कोरलेली आहे. अंगाला टेकणारी, कुणाला न दिसणारी बाजू! कारागिराची पारख मी याच बाजूवरून करते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हे पदक आहे. त्याचे फोटो मोठे करून बघ.

रत्नं कुठून आली तेही समजून घे. पिरोजा सिनाईतल्या सेराबित अल-खादिमच्या खाणींतून, लाजवर्द तर थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून. आणि या रत्नांशेजारीच फायान्सचे मणी असत. गारगोटीची पूड, थोडा चुना, नॅट्रॉन (नैसर्गिक सोड्याचा क्षार) किंवा वनस्पतींची राख आणि रंगासाठी तांबं, असा तो लगदा. वाळताना त्यातले क्षार आपोआप पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत वितळून त्यांचीच निळी-हिरवी झिलई होते. म्हणजे वरून काही लावायची गरजच नाही. तुझ्या टिपणात तू याला ‘नकली पिरोजा’ म्हटलं आहेस. तो शब्द खोडून टाक. राजांच्या थडग्यांतही फायान्स मानाने ठेवलेलं आहे. त्या चमकेचं त्यांना स्वतंत्र मोल होतं.

अमार्नाला, म्हणजे अखेनातेन राजाच्या राजधानीच्या जागी, पेट्रींना फायान्स घडवायचे मातीचे साचे हजारोंनी सापडले. त्यांतून पाकळ्या, पानं, खजूर, द्राक्षांचे घोस काढून रुंद गळपट्टे ओवत. मूळ कल्पना ताज्या फुलांची. तुतनखामूनच्या अंत्यविधीतले खरे फुलांचे गळपट्टेही टिकले आहेत. पपायरसवर ऑलिव्हची पानं आणि फुलं शिवलेली, मधूनमधून निळे मणी. फूल आधी, मणी नंतर, हा क्रम तुझ्या चित्रांत दिसला पाहिजे.

वजनाचाही विचार कर. अनेक पदरांचा गळपट्टा पुढे ओढतो, म्हणून पाठीवर तोल सांभाळणारं लोंबतं वजन असे. तुझ्या चित्रातला गळपट्टा मला घसरताना दिसतो.

काजळावर फार वेळ घालवू नकोस. शिशाच्या खनिजाचं काळं, मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचं हिरवं, आणि पुरुषही ते लावत, एवढं पुरे.

त्यापेक्षा बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातला मण्यांच्या जाळीचा पोशाख बघ. गिझाच्या थडग्यातला, मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळचा, सुमारे ७,००० मण्यांचा. दोरे कुजून गेले होते, तरी काही मणी मूळ जागीच पडून होते, त्यावरून जाळीची वीण ओळखता आली. त्या जाळीचा वीतभर तुकडा स्वतः ओव. साधे काचेचे मणी चालतील, दोरा मात्र सुती घे. कुठे ताण येतो, कुठे गाठ हवी, हे कागदावर कळत नाही. तुकडा झाला की चित्रांआधी तोच माझ्याकडे पाठव.

कळावे,
तुझ्या बाई