थंडीत फिरणं सोडू नका, वेळ बदला

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, वय ६१, रिटायर्ड शिक्षक. बीपीची अन् शुगरची गोळी चालू आहे. रोज पहाटे पाचला रोडनं फिरायला जायची सवय, पण सध्या थंडी लई पडायलीय, त्यात धुकं, घरचे म्हणतात संक्रांत होईपर्यंत घरातच बसा. फिरणं थांबलं की शुगर वाढते. काय करावं?

उत्तर : काका, पाचला जाऊ नका हे घरचे बरोबर म्हणायलेत, पण घरातच बसा हे काही मला पटत नाही. फिरण्याचा फायदा पहाटेलाच होतो असं कुठं आहे, तेवढंच चालणं सकाळी साडेआठला उन्हात केलं तरी शुगरला तेवढाच उपयोग होतो. आपल्याकडं या दिवसांत सूर्य उगवायला सात वाजतात आणि सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, उजाडता-उजाडता असतो. परभणीत तर पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तुम्ही अंथरुणातून उठून तसंच झपाझप निघालात तर ते तुमच्या वयाला अन् बीपीला झेपेलच असं नाही. म्हणून आधी घरातच दहा मिनिटं हातपाय हलवा, मग बाहेर पडा, आणि पहिली पाच मिनिटं हळूच चाला.

पण खरं सांगू का, थंडीपेक्षा मला तुमच्या त्या रोडची जास्त काळजी वाटते. सध्या कारखाने चालू आहेत, रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल लाइट नाही की रेडियम नाही, आणि धुक्यात त्या ड्रायव्हरला करड्या शालीतला माणूस दिसणार कसा? धुकं असेल त्या दिवशी रोडवर जाऊच नका, शाळेच्या ग्राउंडवर किंवा मंदिराच्या आवारात फेऱ्या मारा. रोडशिवाय सोयच नसेल तर उजव्या कडेनं चाला म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि कपडे पांढरे घाला.

एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला, अंग तापलं की एक काढता येतो. कानटोपी पाहिजेच. शुगर आहे म्हणून मोजे-बूट पण पाहिजेत, चपलेवर नको, पाय बधिर असले तर जखम झालेली कळत नाही. शुगरच्या काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते, म्हणून उपाशीपोटी जाऊ नका आणि खिशात साखर ठेवा, थरथर किंवा घाम सुटला की लगेच तोंडात टाका. छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखायला लागला तर घरी चालत यायचं नाही, तिथंच बसा अन् १०८ ला फोन लावा.

प्रश्न : मी लातूरची, वय ३४. दमा आहे. सकाळी चालायला गेलं की खोकला सुरू होतो, छाती भरून येते. व्यायाम सोडून देऊ का?

उत्तर : नाही ताई, सोडू नका. कोरडी गार हवा श्वासनळीला झोंबते म्हणून खोकला येतो. त्यात सकाळी थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, चुलीचा, शेकोटीचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर जातच नाही, तुमच्या नाकाच्या उंचीवर राहतो. ऊन चांगलं तापलं की तो हटतो, तेव्हा दहानंतर जा, नाहीतर दुपारी चारला. नाकातोंडावरून स्कार्फ घ्या आणि नाकानं श्वास घ्या. फार गारठा असेल तर गच्चीवर उन्हात चाला. चालायच्या आधी पंप घ्यायचा का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच पेशंटला पंधरा मिनिटं आधी घ्यायला सांगतात. पंप घरी ठेवून जाऊ नका, चालताना सोबतच पाहिजे.