सून म्हणते, ही मेथी खायची नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. दुसरा मजला, गॅलरी थेट रस्त्याकडे. उड्डाणपूल झाला तरी सकाळ-संध्याकाळ खाली गाड्यांची रांग असतेच. गॅलरीत माझ्या २१ कुंड्या आहेत : मेथी, कोथिंबीर, पालक, पानओवा, मिरची, टोमॅटो, शिवाय कठड्याला टेकवलेल्या मोठ्या डब्यात अळू. भाज्यांची देठं-सालं आणि देवाचं निर्माल्य मी कुंड्यांतच जिरवते. परवा मेथीची भाजी केली, तर सून म्हणाली, “आई, ही मी बाळाला देणार नाही. रस्त्यावरचं सगळं शिसं यात उतरलेलं असतं.” नातू दोन वर्षांचा आहे. मी चार पाण्यांनी धुते. तिचं बोलणं मनाला लागलं, पण तिचं खरं असेल तर काय करू?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, सुनेवर रागावू नका आणि मेथीही उपटू नका. तिची शंका रास्त आहे, फक्त तिचं बोट चुकीच्या जागेकडे आहे. ती खालच्या रस्त्याकडे बघतेय. मी तुमचं पत्र वाचताना ‘निर्माल्य’ आणि ‘मोठा डबा’ या दोन शब्दांवर अडकले. त्याकडे येतेच.

आधी धूर. पेट्रोलमध्ये शिसं घालायचे ते दिवस संपले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळतं. आज खालून जाणाऱ्या रिक्षेच्या धुरातून तुमच्या मेथीवर ते शिसं येत नाही. पण शिसं कुजत नाही आणि उडूनही जात नाही. त्या काळात रस्त्याकडेच्या मातीत जे बसलं, ते बरंचसं तिथंच आहे. म्हणून पहिला प्रश्न : तुमच्या कुंड्यांत माती कुठली? नर्सरीतली असेल तर ठीक. दुभाजकाजवळची, फुटपाथ खणला तेव्हा पडलेली, जुना वाडा पाडला तिथली असेल, तर त्या कुंडीत खायचं काही लावू नका. मोगरा लावा.

आजच्या धुळीत काय असतं? डिझेलची काजळी, टायरचा झिजलेला रबर, ब्रेकचा भुगा, त्यातलं तांबं, जस्त आणि रस्त्याची स्वतःची बारीक माती. विजेवरच्या गाड्या आल्या तरी टायर झिजायचेच. यातला जाड भाग फार लांब जात नाही, जवळच बसतो. म्हणजे तुमच्या गॅलरीत. धुरातले वायू पानाला इजा करतील, वाढ खुंटवतील, पण ते भाजीत साठून ताटात येत नाहीत. ताटात येते ती पानावर बसलेली धूळ.

आणि सगळी पानं ती सारखी धरत नाहीत. हे मी माझ्याच गॅलरीत बघितलं. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहते. अवजड ट्रक, त्यात मेट्रोचं काम, वेगळं काय सांगू? फेब्रुवारीतल्या एका सकाळी कापसाचे चार ओले बोळे घेतले आणि चार पानं पुसली. पानओव्याचा बोळा पाटी पुसल्यासारखा काळा झाला. त्याच्या पानावर लव असते ना, त्या लवेत धूळ अडकते आणि नळाखाली धरलं तरी सगळी सुटत नाही. कोथिंबिरीचा करडा. मिरचीचा जेमतेम मळका. अळूचा जवळजवळ पांढराच! अळवावरचं पाणी आपण बोलताना इतक्या वेळा म्हणतो, पण पाण्याचा तो थेंब घरंगळताना पानावरची धूळही बरोबर घेऊन जातो, हे मला वयाच्या साठीत दिसलं. हा प्रयोग तुम्हीही करा, आणि सुनेला शेजारी उभं करून करा. निम्मं भांडण तिथंच मिटेल.

तेव्हा मिरची, टोमॅटो, अळू राहू द्या. मुळाशी आलेलं शिसं बहुतेक मुळातच अडकतं, फळापर्यंत फारच थोडं पोचतं. आणि टोमॅटोची साल गुळगुळीत, घासून धुता येते. दोडका, कारलं, घेवडा यांचे वेलही कठड्यावर चढवायला हरकत नाही. मुळा, गाजर, बीट मात्र या गॅलरीत नको. पानओवा आत घ्या.

खरी पंचाईत मेथी-पालकाची. पालेभाजी हिवाळ्यात जोरात येते आणि धूळही हिवाळ्यातच सगळ्यात वाईट, कारण पाऊस नाही आणि थंड हवा खालीच दबून राहते. यावर मी मुंबईकरांची युक्ती वापरते : समुद्रमेथी. बोटभर उंचीची, मुळांना वाळू लागलेली ती जुडी तुम्ही दादर-ठाण्याच्या बाजारात पाहिली असेल. ती दोन आठवड्यांतच काढायची असते. पसरट ट्रेमध्ये वाळू आणि थोडं कंपोस्ट, वर दाट मेथीदाणे, आणि ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत, रस्त्याकडे नाही. पान धूळ धरायला लागण्याआधी ते कढईत. कोथिंबीरही तिथंच.

धुण्याबद्दल. चार पाणी म्हणजे कसं धुता? पुष्कळ बायका भाजी चाळणीत ठेवून वरून नळ सोडतात. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, भाजी बुडवून हातानं खळबळा, दोन मिनिटं थांबा आणि भाजी वर उपसून घ्या. पातेलं चाळणीवर उपडं करू नका, नाहीतर तळाला बसलेला गाळ पुन्हा भाजीवरच. पहिल्या पाण्यात लिटरला दोन छोटे चमचे व्हिनेगर घातलं तर चांगलं. पुढचं पाणी साधं. बाहेरची जून पानं टाकून द्या. आणि हो, धुऊन निघते ती धूळ. मुळातून आत शिरलेलं धुऊन निघत नाही. म्हणून माती महत्त्वाची.

कुंड्यांची जागाही बदला. बर्लिन शहरात रस्त्यांलगतच्या भाज्यांवर २०१२ साली संशोधन प्रसिद्ध झालं होतं. वाहतुकीच्या अगदी जवळच्या भाज्यांत शिसं जास्त सापडलं, आणि मधे इमारत किंवा दाट झाडी आली तिथं कमी. आपण गॅलरीत इमारत बांधू शकत नाही, पण कठड्याला पडदा करू शकतो. बाहेरच्या रांगेत जास्वंद, क्रोटन, मनी प्लांट, कृष्णकमळाचा वेल असं न खायचं काहीतरी दाट. खायचं ते आतल्या बाजूला, कठड्याच्या उंचीच्या खाली. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा रसवंतीतली उसाची चिपाडं पसरा, म्हणजे पाणी घालताना माती उडून पानांना लागणार नाही. गॅलरी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. वर्षातून एकदा कुंडीतली वरची दोन बोटं माती काढून नवी घाला.

आता निर्माल्य. फुलं-पानं-दूर्वा कुजवायला माझी ना नाही. पण त्यात मारुतीचा शेंदूर असतो का? पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच संयुग. शनिवारी शनिवारी चिमूटभर शेंदूर लागलेली रुईची माळ कुंडीत जिरवली, की रस्त्यानं वर्षभरात दिलं नसेल तेवढं शिसं तुम्ही भक्तिभावानं स्वतःच्या हातानं घातलंत. मी २८ वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, तरी हे माझ्या सासूबाईंना सांगायला मला दहा वर्षं लागली. शेंदूर लागलेलं वेगळं काढा. आजवर ते ज्या कुंड्यांत गेलं, त्यांत यापुढे फुलझाडं.

आणि अळूचा तो डबा कशाचा आहे? तेलाचा असेल तर उत्तम. रंगाचा असेल तर बदला. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीचं खोकं असेल (त्या बॅटरीत शिसंच असतं) तर आजच्या आज, मातीसकट घराबाहेर. एक गृहस्थ अशाच खोक्यातल्या पालकाची माती तपासायला घेऊन आले होते. मी पिशवीसुद्धा उघडली नाही. खोक्याचं नाव ऐकूनच त्यांना परत पाठवलं.

तुमच्या ग्रिलचा रंगही बघा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या तैलरंगाचे पोपडे सुटत असतील तर खालच्या कुंड्या हलवा. आमच्या सोसायटीत रंगकाम निघालं, तेव्हा रंगाऱ्यानं मला न विचारता ग्रिल कोरड्या पॉलिश पेपरनं घासलं आणि सगळा भुगा माझ्या पुदिन्यावर. अख्खा पुदिना टाकावा लागला. तो आठवला की अजून चरफडते.

राहिला नातू. शिशाची ‘एवढं चालेल’ अशी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेलाही सापडलेली नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगी मोठ्यांच्या चार-पाच पट लागतं. पण दोन वर्षांच्या पोराला धोका भाजीच्या दोन घासांपेक्षा त्याच्या हातांचा जास्त आहे. कुंडीत बोट, ते बोट तोंडात, ग्रिलला दात. तो माती किंवा रंगाचे पोपडे खाताना दिसला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं. नाहीतर गॅलरीतून आत आला की हात साबणानं धुवायचे, एवढं तुम्ही बघा. खिडकीतली मेथी त्याला सूनच भरवेल.

प्रश्न : तुमच्या सल्ल्यावरून गच्चीवरच्या मातीचं परीक्षण करून आणलं. अहवालात सगळं ‘मध्यम’ आहे. म्हणजे शिसं नाही ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अहवाल पुन्हा वाचा. जमीन आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालात, बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं त्यात नाहीच. ती पत्रिका शेतकऱ्याला खत किती घालायचं हे सांगण्यासाठी आहे, विष शोधण्यासाठी नाही. लोक माझ्यासमोर तो कागद नाचवायचे, “सगळं नॉर्मल आहे हो”, आणि मी दरवेळी हेच सांगायचे. ‘जड धातू’ (शिसं त्यातलंच) तपासणी खासगी प्रयोगशाळेत वेगळी मागावी लागते आणि ती महाग पडते. दहा-पंधरा कुंड्यांसाठी मी तो खर्च करणार नाही, त्या पैशात माती बदलून होईल.

तुमच्या अहवालातल्या दोन ओळी मात्र कामाच्या आहेत. सामू साडेसहा ते सातच्या आसपास ठेवा. माती आंबट झाली की धातू सुटे होतात आणि मुळं ते उचलतात. आणि सेंद्रिय कर्ब वाढवा. चांगलं कुजलेलं कंपोस्ट शिशाला धरून ठेवतं, मुळांच्या हाती लागू देत नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कॉलनीत मुख्य रस्त्याला लागून शेवगा आहे. त्याचा पाला भाजीला घेतला तर चालेल का? झाड कोणाच्याच मालकीचं नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पाला नको. बारीक पानांचा झुबका, धुवायला अवघड, आणि बुंध्याशी माती कुठली हे कोणालाच ठाऊक नाही. फारच मन झालं तर पावसाळ्यात चांगल्या दोन सरी पडून गेल्यावर, उंच फांदीचा, तोही एखाद्या वेळी. शेंगा मात्र खुशाल काढा, वरचं साल आपण चावून ताटाच्या कडेलाच टाकतो.