जुन्या बुलेटचा बेंड पाईप: क्रोम करून घ्यावा की नवा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1996 ची बुलेट 350 आहे, राहता गोव्यात, किनाऱ्यावरच्या मोरजीला. बेंड पाईप, म्हणजे इंजिनाच्या हेडपासून (वरच्या भागापासून) सायलेन्सरपर्यंत धूर नेणारा वाकडा पाईप, खालून गंजलाय, हेडजवळ निळा पडलाय आणि उतारावर रेस सोडली की फटफट वाजतं. मग परत क्रोम मारून घेऊ की नवा टाकू?

नवाच टाका. पण आधी त्या फटफटीचा छडा लावा. नवा पाईप बसवूनही ती थांबली नाही, तर पैसे घालून दुखणं तसंच राहील.

पहिल्यांदा पाईप किती उरलाय ते बघा. वरचे क्रोमचे फोड बघून काही कळत नाही. गाडी थंड असताना खाली वाकून बेंडच्या सगळ्यात खालच्या भागात दाभण टोचा. पत्रा दबला किंवा दाभण आत गेलं, तर विषय संपला. हा पाईप आतून कुजतो. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तुम्ही घरातून बाजारात जाऊन दहा मिनिटांत परत येत असाल, तर पाईप पुरता तापतच नाही, वाफेचं पाणी होतं आणि ते खालच्या वळणात बसून राहतं. बाहेरून समुद्राची खारी हवा, वर चार महिने आपला पाऊस. मी डिचोलीला राहतो, इथे पाईप निदान थोडा जास्त टिकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बेंड पाईप म्हणजे ब्रेक शूसारखी झिजणारी वस्तू समजावी.

क्रोमचा मोह मलाही झाला होता. चोर्ला घाटातून बेळगावला नेऊन माझ्या गाडीचा पाईप प्लेटिंग करून आणला. प्लेटिंगवाला आधी जुनं क्रोम उतरवतो, गंजाचे खड्डे जाईपर्यंत बफिंग करतो आणि मग निकेल, क्रोम चढवतो. म्हणजे जो पत्रा आतून आधीच पातळ झालाय, तो बाहेरूनही घासला जातो. आतल्या बाजूला तर काही लागतच नाही. गाडी नवरदेवासारखी दिसली खरी, पण पुढच्या श्रावणात बरोबर त्याच जागी पिनेएवढं भोक. गॅरेजवाला हसला, म्हणाला, "पात्रांव, पायप कुसलो रे!" (मालक, पाईप कुजला की!)

त्याआधी एकदा पाईपावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचाही शहाणपणा केला होता. कोरड्या मुलखात चालत असेल. गोव्यात ती पट्टी पावसाचं पाणी पिऊन ओल्या फडक्यासारखी पाईपाला चिकटून बसते. जूनमध्ये गुंडाळली, चवथीला सोडली तेव्हा पट्टीबरोबर पापुद्रेच हातात आले.

आता फटफट. तुमचं इंजिन जुनं कास्ट आयर्नचं आहे. त्यात बेंड पाईप हेडच्या भोकात नुसता दाबून बसवलेला असतो. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनासारखे (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेले) दोन स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेले बोल्ट, आणि फ्लँज, म्हणजे पाईप आवळणारी पट्टी, नसतात. (त्यामुळे गंजलेला स्टड तुटण्याची भीती तुम्हाला नाही, हे नशीबच म्हणा.) पण हा जोड सैल झाला, की रेस सोडल्यावर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पेट्रोल-हवेचं न जळलेलं मिश्रण पाईपातच पेट घेतं. तीच ही फटफट. जोडाभोवती काळी काजळी दिसतेय का बघा. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडाजवळ हात धरा, फुंकर लागली तर चोर सापडला. हात पाईपाला टेकवू मात्र नका.

काढताना सायलेन्सरचा क्लॅम्प आणि खाली पाईपाच्या कानाचा (गाडीला अडकवायच्या पट्टीचा) नट ढिला करा. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट फिरत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडवा, असं पुढेमागे करा. मग लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत पाईप हेडमधून बाहेर काढा. हेडमधला कार्बन खरवडून साफ करा, नाहीतर नवा पाईप पूर्ण आत जाणारच नाही. नवा पाईप भोकात हाताने घालून बघा: डुगडुगत असेल तर तो घेऊ नका, दुकानदाराला दुसरा काढायला सांगा. बाजारात मिळणारे सगळेच पाईप मापात नसतात. बियरच्या कॅनचा पत्रा कापून टोकाला गुंडाळायचा जुगाड इकडे सर्रास करतात. मीही केलाय. घरी पोहोचण्यापुरता ठीक.

जोडाला एक्झॉस्टसाठीचीच पेस्ट लावा. इंजिनाच्या कव्हरला लावतात ती लाल सिलिकॉन तिथे जळून जाते. आणि एक चूक बहुतेक जण करतात: एक टोक पक्कं आवळून दुसरं ओढून जुळवतात. तसं केलंत तर पाईप कायम ताणात राहतो, थरथरतो आणि कानाजवळ तडकतो. सगळं सैल लावा, पाईप हेडमध्ये पूर्ण बसवा, मग खालचा नट आणि शेवटी सायलेन्सरचा क्लॅम्प. सुरू करण्याआधी पाईप थिनरने पुसून घ्या, नाहीतर बोटांचे तेलकट ठसे क्रोमवर भाजून कायमचे बसतात.

निळेपणाचं म्हणाल तर एकेरी पत्र्याच्या पाईपावर थोडा निळा रंग येणारच, पॉलिशने तो थांबत नाही. पण गडद निळा वेगळा. मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडलंय, म्हणून पाईप जास्त तापतोय. ठिणगीचा करंट तोडणाऱ्या पॉइंटची गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवा, मग टायमिंग तपासा आणि त्यानंतरच कार्ब्युरेटरला हात लावा.

जुना पाईप फेकू नका. भोक बारीक असेल आणि आजूबाजूचा पत्रा जाड असेल, तर आर्गन वेल्डिंग करून, उष्णता सोसणारा काळा रंग मारून पावसाळ्यासाठी ठेवा. नवा क्रोमचा दिवाळीनंतर चढवा. मी आता असंच करतो. दोन पाईप, वर्षातून दोनदा अर्ध्या तासाचं काम.

स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग कळवा. पांढरट आहे की कॉफीसारखा, त्यावरून पुढचं सांगता येईल.