‘हॉस्टाइल’ म्हणजे नुसता तुटक नव्हे

तुम्ही लिहिलंय की पुरवठादाराच्या माणसाबद्दल मेलमध्ये ‘ही वॉज हॉस्टाइल विथ मी’ असं लिहिलं आणि तिकडून थेट खुलासा मागणारं पत्र आलं. तुम्हाला म्हणायचं एवढंच होतं की तो नीट बोलला नाही. याच शब्दाने मलाही नडवलंय, म्हणून सविस्तर लिहिते. व्याकरणाच्या प्राथमिक गोष्टी सोडून देते, त्या तुम्हाला येतातच.

घोळ शब्दकोशापासून सुरू होतो. ‘हॉस्टाइल’पुढे ‘मैत्रीपूर्ण नसलेला’ असा अर्थ छापलेला असतो आणि आपण तो ‘अनफ्रेंडली’च्या जागी बसवतो. ‘अनफ्रेंडली’त जिव्हाळा नसतो, इतकंच. ‘हॉस्टाइल’मध्ये विरोध असतो आणि तो अंगावर आलेला असतो. म्हणजे तुम्ही त्या माणसाचं वागणं सांगायला गेलात आणि वाचणाऱ्याला त्याच्या हेतूवर आरोप दिसला. खुलासा मागितला जाणारच.

यावर मला पटलेला उपाय असा: आधी मराठीत लिहा की त्याने नेमकं काय केलं. दोन शब्दांत उत्तर देऊन फोन ठेवला? मग तो ‘कर्ट’. फटकून राहिला, मिसळलाच नाही? ‘अलूफ’ किंवा ‘स्टँडऑफिश’. बोलण्यात ओलावा नव्हता? ‘कोल्ड’. आवाज चढवला, धमकावलं, मुद्दाम अडवणूक केली, तरच ‘हॉस्टाइल’. मनात अढी असणं आणि उघड वैर मांडणं यांत मराठी जो फरक करते, तोच इथे धरायचा.

दुसरी चूक ‘विथ’ची. आपण ‘माझ्याशी’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘विथ’कडे जातो. माणसाबद्दल ‘हॉस्टाइल टू’ किंवा ‘टुवर्ड्‌स’ लिहा. कल्पनेला, प्रस्तावाला विरोध असेल तर ‘टू’. ‘अनफ्रेंडली’लाही हेच दोन शब्द चालतात. मात्र तो शब्द ‘ली’ने संपतो म्हणून क्रियाविशेषण समजू नका; ‘ही स्पोक अनफ्रेंडली’ चूक, ‘इन अ‍ॅन अनफ्रेंडली मॅनर’ म्हणावं लागतं.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो भाषांतराच्या कामात हातात पडणाऱ्या ठरावीक शब्दसूचीवर. कार्यालयाचं नाव घेत नाही. सूचीत ‘हॉस्टाइल’ = ‘शत्रुत्वपूर्ण’ असं एकदा लिहिलं की हवामानही शत्रुत्वपूर्ण, साक्षीदारही शत्रुत्वपूर्ण! हवामान आणि भूप्रदेश ‘प्रतिकूल’ असतात, तिथे वैर कोणाचंच नसतं. कंपनीच्या ‘हॉस्टाइल टेकओव्हर’मध्येही द्वेष अभिप्रेत नाही: संचालक मंडळाची संमती नसताना, थेट भागधारकांकडून शेअर घेऊन वगैरे मिळवलेला ताबा, एवढाच अर्थ. मंडळ राजी असेल तर तोच व्यवहार ‘फ्रेंडली’. ‘संचालकांचा विरोध डावलून ताबा’ असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

‘हॉस्टाइल विटनेस’ला आपण ‘फितूर साक्षीदार’ म्हणतो. रुळलेला शब्द आहे, पण त्यात पैसे खाल्ल्याचा वास येतो आणि तो अर्थ मूळ संज्ञेत नाही. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 154मध्ये ‘हॉस्टाइल’ हा शब्दच नव्हता. साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षालाच त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं, एवढीच ती तरतूद. मी वकील नाही, तेव्हा प्रत्यक्ष प्रकरणासाठी वकिलालाच विचारा.

अनेकवचन तर फारच जपून वापरा. ‘हॉस्टिलिटी’ म्हणजे वैरभाव, पण ‘हॉस्टिलिटीज’ म्हणजे प्रत्यक्ष लढाई. ‘सेसेशन ऑफ हॉस्टिलिटीज’ म्हणजे लढाई थांबणं. दोन विभागांत कुरबुर आहे म्हणून अहवालात ‘हॉस्टिलिटीज’ लिहू नका. उलट राजनैतिक भाषेत ‘अनफ्रेंडली अ‍ॅक्ट’ हा सौम्य वाटणारा शब्दप्रयोग बराच कडक असतो. एका देशाने दुसऱ्याला तो वापरला की नाराजी अधिकृतपणे नोंदवली असं समजायचं.

ऑफिसच्या मेलपुरता एक धोका वेगळा सांगते. ‘हॉस्टाइल वर्क एन्व्हायर्नमेंट’ हे शब्द कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात आलेले आहेत. सहकारी अबोल आहेत एवढंच सांगायचं असेल तर ‘हॉस्टाइल’ आणि ‘एन्व्हायर्नमेंट’ एका वाक्यात आणू नका, मनुष्यबळ विभाग ती तक्रार म्हणून वाचेल. खरोखर छळ होत असेल तर मात्र हेच शब्द वापरा, मुळीच सौम्य करू नका.

तुमच्या मेलची दुरुस्ती आजच पाठवा. खुलाशात ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ एवढ्यावर थांबू नका, विशेषण मागे घ्या आणि घटना ठेवा: ‘आय विथड्रॉ द वर्ड हॉस्टाइल. ही डिड नॉट आन्सर माय टू क्वेश्चन्स अबाउट द डिलिव्हरी अँड एंडेड द कॉल.’ प्रश्न दोन नसतील किंवा विषय वेगळा असेल तर तेवढं बदला.